मी, उसन्या मेमरीचा नमुना

मी एक जुना नमुना आहे, मित्रांनो. कुठल्याही दुकानाच्या काचेमागे मी कधी बसलो नाही. कुणी मला वाढदिवसाला भेट दिलं नाही. तरीही माझी गोष्ट तुम्ही ऐकावी असं वाटतं, कारण तुमच्या घरी जे व्हिडिओ गेमचं यंत्र येतं, त्याच्या आधी माझ्यासारखा कुणीतरी कुठेतरी परीक्षेला बसलेला असतो.

नवं यंत्र विकायला येण्याआधी दीड-दोन वर्षं कंपनी आमच्यासारखे काही नमुने बनवते. नुसतं यंत्र घेऊन कोण काय करणार? त्यावर खेळायला गेम हवेत, आणि सगळे गेम काही कंपनीला स्वतः बनवता येत नाहीत. म्हणून ती नमुने बाहेरच्या गेमवाल्यांकडे पाठवते. वापरून बघा, आवडलं तर आमच्यासाठी गेम करा, असं गोड बोलते. आमच्या कंपनीला तर तेव्हा जरा जास्तच गोड बोलावं लागत होतं. आधीच्या यंत्राच्या वेळी तिने बाहेरच्यांना फार ताठ्याने वागवलं होतं. चांगले चांगले गेमवाले तिला सोडून दुसरीकडे गेले होते.

जपानमधल्या नागानोजवळच्या एका कारखान्यात मी तयार झालो. आमच्यासारख्या थोडक्यांसाठी कुणी मोठी यंत्रं लावत नाही. चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या पोटातल्या बारीक तारा हाताने जोडल्या. मग झाकण बसलं, चार स्क्रू बसले, आणि प्रत्येक स्क्रूवर चंदेरी कागदाचं सील लागलं. सील फाटलं तर नमुना परत आणि बोलणी बंद, अशी अट होती. माझा नंबर सत्तेचाळीस.

एकोणीसशे त्र्याण्णवच्या मार्चमध्ये कंपनीच्या सेरिझावांनी मला निळ्या कापडात बांधून फुकुओकाला नेलं. तातामी चटया विणणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर सहा माणसं गेम बनवत होती. खालून ताज्या गवताचा वास यायचा. त्यांचे प्रमुख काकिनुमा, पन्नाशी ओलांडलेले, मिशीत बोलणारे. सेरिझावांनी मला टेबलावर ठेवलं आणि शेजारी मिठाईचा डबा ठेवला.

काकिनुमांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी डब्याकडे पाहिलं.

"सेरिझावासान, गेल्या वेळीही हाच डबा आणला होता ना तुम्ही?" 'सान' म्हणजे तुमच्याकडचं 'जी', मित्रांनो.

"गेल्या वेळी मी नव्हतो. माझे साहेब आले होते."

"माणूस बदलला, डबा तोच आहे. तेव्हा आम्ही मिठाई खाल्ली आणि तुम्ही आमचा मासेमारीचा गेम खाल्लात."

झालं असं होतं, की त्यांनी अर्धवट गेम तपासणीसाठी कंपनीकडे पाठवला होता. चार महिन्यांत कंपनीचा स्वतःचा मासेमारीचा गेम बाजारात आला. गळ टाकायची पद्धतही तीच.

सेरिझावांनी इतकं वाकून नमस्कार केला की कपाळ टेबलाला टेकतंय की काय असं वाटलं. "ते चुकलं, असं मला म्हणता येत नाही. आणि नाही चुकलं, असंही म्हणवत नाही."

"मग म्हणायचंय तरी काय, ते म्हणा की!" संगीत करणारे मोगी कोपऱ्यातून बोलले. सगळे हसले. काकिनुमा हसले नाहीत.

शेवटी ठरलं ते असं: मी चाळीस दिवस तिथे राहायचं. चाळिसाव्या दिवशी काकिनुमांनी करारावर सहीचा शिक्का मारायचा, नाहीतर मला परत द्यायचं. त्या सहा जणांत आणखी एकच गेम करण्याचा दम उरला होता. दोन वर्षं चुकीच्या यंत्रावर घालवली असती, तर वरच्या मजल्याला कुलूपच लागलं असतं.

मित्रांनो, माझे पहिले वीस दिवस फार वाईट गेले. माझ्यावर चादर घातली. माझा लाल दिवा काळ्या पट्टीने झाकला. त्यातून कुणी बघत असलं तर? टेलिफोनची तार माझ्यापासून दूर, दाराबाहेर नेली. मोगी तर माझ्याजवळून जाताना तोंडावर बोट ठेवायचे. "हळू बोला, पाहुणे ऐकतायत."

मला चालवायचं काम इरिएकडे होतं. ती तिथली प्रोग्रामर, तिशीची, कमी बोलणारी. तिची नजर मात्र सगळीकडे असायची. खरा गेम तिने मला दाखवलाच नाही. माझ्यावर ती एका पांढऱ्या मुळ्याला उड्या मारायला लावायची. एक मुळा, दहा मुळे, तीनशे मुळे. मधूनमधून माझ्या पाठीवर तळहात ठेवून बघायची, किती तापलोय ते. भिंग घेऊन माझी सीलं बघायची, आधी कुणी उघडून पुन्हा चिकटवलीत का. मीही तिला बघत होतो. एवढी भ्यायलेली माणसं माझ्याशी कशी वागतील, याची मलाही खात्री नव्हती.

पण मुळ्यांवरून सगळं कळेना, म्हणून एकविसाव्या दिवशी इरिएने मला समुद्र दिला. त्यांचा गेम रात्री दिव्यांच्या उजेडाने माकूळ मासे धरणाऱ्या नावांचा होता: काळं पाणी, नावांवर टांगलेले मोठमोठे दिवे, आणि प्रत्येक लाटेवर त्या दिव्यांची थरथर. मी तो समुद्र न अडखळता चालवला. एकेक करून सगळे माझ्यामागे येऊन उभे राहिले. काकिनुमांच्या हातातला जवाचा चहा गार झाला.

"माझ्या बाबांच्या नावेवरून अस्साच दिसायचा," ते म्हणाले. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यावरची चादर काढून घडी घातली.

काय सांगू तुम्हाला! मला वाटलं, माझ्यासारखा मीच.

इरिए तेवढी खूश नव्हती. "फारच सहज चाललंय," ती म्हणाली.

"बिघडलं की तुझं डोकं दुखतं," मोगी म्हणाले, "आणि चाललं की पोट!"

"पोट दुखायला कारण आहे. हे बघा." तिने माझ्यासोबत आलेली माहितीची वही उघडली. "वेग आहे, रंग आहेत, आवाज आहे. मेमरी किती, ते कुठेच नाही. एकतिसाव्या पानानंतर एकदम तेहतिसावं पान येतं."

मेमरी म्हणजे माझ्या डोक्यातली जागा, मित्रांनो. खेळ चालू असताना समुद्र, नावा, दिवे, सगळं तिथेच मांडून ठेवावं लागतं.

"मग फोन करून विचार ना," मोगी म्हणाले.

"विचारायचं नाही!" काकिनुमा कडाडले. "मेमरी किती असं विचारलं, की आपल्या गेमला किती लागते याचा त्यांना पत्ता लागणार. मागच्या वेळी अशाच एका साध्या प्रश्नाने सुरुवात झाली होती."

कुणी विचारलं नाही. शिक्का मारायचा दिवस जवळ येत चालला. सदतिसाव्या दिवशी सगळे जेवायला खाली गेलेले असताना इरिएने किटली तापवली, आणि वाफ धरून माझं एक सील हळूच सोडवायला गेली. सील सुटलं नाही, फाटलं. मग तिने उरलेली तीनही फाडली आणि माझं झाकण उचललं.

आत पहिल्यांदाच उजेड आला. माझ्या मुख्य पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, मेमरीच्या चिपांची एक रांग होती. तिच्या वर आणखी एक छोटी पाटी बसवलेली होती, दुसऱ्या रांगेची, बारीक तारांनी हाताने जोडलेली. इरिए त्या तारांकडे बघत राहिली. लाखो यंत्रांच्या तारा कुणी हाताने जोडत बसत नाही, हे तिला कळायला वेळ लागला नाही. दुकानात जाणाऱ्या यंत्रात ही पाटी नसणार. आणि त्यांचा समुद्र दोन्ही रांगा भरून पसरला होता.

मलाही तेव्हाच कळलं. ज्याचं कौतुक झालं होतं तो मी अर्धाच होतो. उरलेला उसना होता.

इरिएने त्याच दुपारी एक कागद घेतला आणि कंपनीच्या नावे माफीपत्र लिहिलं: सील आपल्या हातून फाटलं, केव्हा, कसं, कुठल्या कोपऱ्यापासून. खाली सहीऐवजी स्वतःचा शिक्का मारला.

मोगींनी ते वाचलं आणि डोक्याला हात लावला. "अगं, फसवलं त्यांनी आणि माफी तू मागतेस?"

"सील मीच फाडलं ना? ते आधी. फसवणुकीचं नंतर बघू."

चाळिसाव्या दिवशी सेरिझावा आले. टेबलावर मी उघडा पडलो होतो आणि माझ्याशेजारी ते पत्र. ते वाचताना त्यांचा चेहरा उतरला. मग ते गोंधळून म्हणाले, "पण ही जादा मेमरी तुमच्याच सोयीसाठी आहे. गेम बनवताना चुका शोधायला जागा लागते म्हणून. हे तर सगळ्यांना माहीत असतं."

"सगळे म्हणजे कोण?" काकिनुमांनी विचारलं.

"बत्तिसाव्या पानावर..." सेरिझावा थांबले. "ते पान शिक्का मारल्यावर द्यायचं असतं. दुसऱ्या कंपनीच्या हाती लागू नये म्हणून."

"म्हणजे आधी लग्न लावा, मग मुलगी दाखवतो," मोगी म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही.

"तुम्ही एक फोन का नाही केलात?" सेरिझावांनी विचारलं.

"तुम्ही एक वाक्य का नाही सांगितलंत?" काकिनुमा म्हणाले.

मग सेरिझावांनी बॅग उघडली, बत्तिसावं पान काढलं आणि टेबलावर सरकवलं. दुकानातल्या यंत्रात मेमरीची एकच रांग असेल आणि त्यात न मावणारा गेम सुरूच होणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. "हे मी आधीच दिलं असं कळलं, तर माझी नोकरी राहायची नाही. इरिएसानचं पत्र मी नेत नाही. ते फाडून टाका."

"हे पान खरं कशावरून?" काकिनुमा म्हणाले.

इरिएने हातात चिमटा धरला आणि माझ्यावरची ती दुसरी पाटी सोडवून बाजूला ठेवली. मग समुद्र सुरू केला. पडदा काळाच राहिला.

"पान खरं आहे," ती म्हणाली. "मला दहा दिवस द्या."

सेरिझावांनी आपल्या जबाबदारीवर दिले. त्या दहा दिवसांत इरिएने प्रत्येक लाट वेगळी ठेवण्याचा हट्ट सोडला. सोळाच लाटा घेतल्या आणि त्यांचीच उलटसुलट गुंफण केली. दूरच्या नावा ठिपक्यांवर आणल्या. मोगींचं अर्धं गाणं गेलं. ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी माझ्या उरलेल्या अर्ध्या डोक्यात तो समुद्र हलला. पहिल्याइतका दाट नव्हता. पण नाव त्यावर तरंगत होती.

काकिनुमांनी करार तीनदा वाचला. शेवटी स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली, 'दुकानात जाणाऱ्या यंत्रात काय आणि किती असणार, ते आम्हाला आधी सांगावं,' आणि शिक्का मारला. कंपनीत त्या ओळीवरून बरीच आदळआपट झाली म्हणे. पण गेमवाले हवे होते, ओळ राहिली. पुढे त्या शहरातल्या आणखी दोघांनी तीच ओळ मागून घेतली आणि तेही कंपनीकडे आले.

यंत्र बाजारात आलं त्या दिवशी कंपनीने इरिएला एक फुकट पाठवलं होतं. तिने त्याचा खोका उघडलाच नाही. "पाठवलेलं नको, दुकानातलं हवं," असं म्हणून ती सकाळी रांगेत उभी राहिली आणि आपल्या पैशांनी एक घेऊन आली. माझ्याशेजारीच तिने ते लावलं. माझा तो धाकटा भाऊ माझ्याहून लहान, हलका, देखणा. त्याने समुद्र सुरू केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता तरी पटलं का गं बाई?" काकिनुमांनी विचारलं.

"थांबा," इरिए म्हणाली. "शेवटपर्यंत खेळून बघते, मग सांगते."

मित्रांनो, आता मला कुणी लावत नाही. कपाटात बसल्या बसल्या मी त्या दिवसांचा विचार करतो. चकचकीत वस्तू समोर आली की जरूर संशय घ्या. तिच्यातलं आपल्या घरी खरोखर किती येणार, ते उघडून बघा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण संशय मनात कोंडून ठेवू नका, एवढीच माझी विनंती आहे. ज्याचा संशय येतो, त्याच्यासमोर बसा आणि त्याला विचारा. आणि तुमच्याकडे एखादं पान असेल, तर समोरच्याने विचारायची वाट बघू नका.