तांबूस झाक

"हा बी गेला," म्हणत उद्धवरावांनी कोंबडा पाटीखाली झाकला. "मानंवर तांबूस झाक हाय."

जयमालाबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. "कुठं हाय तांबूस? राखाडी तर हाय सगळा."

"तुला रंगातलं काय कळतंय? बावीस वर्सं पेंट शॉपला चेकर हाय मी."

यापुढे बोलणं जायचं नाही. उद्धवरावांनी सहा वर्षांपूर्वी शोभेच्या कोंबड्यांची एक जोडी आणली होती, पायांवरही पिसं असलेली. त्यांना हवा होता निळसर राखाडी रंग, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखा. आधी पिल्लं काळी, ठिपक्यांची निघाली. रंग जमत आला, तर गेली दोन वर्षं प्रत्येकाच्या मानेवर हा तांबूसपणा. त्यांनी खाद्य बदललं, जोड्या बदलल्या, जाळी बांधून ऊन अडवलं. आरवण्यावरून थेरगावातली निम्मी गल्ली बोलायची, तेही ऐकून घेतलं. नापास झालेला प्रत्येक पक्षी देहूरोडला मावसभाऊ धोंडीबाकडे जायचा आणि त्या दिवशी घरात कुणाला धड जेवण मिळायचं नाही.

मग चाकणला कंपनीतही खटके उडायला लागले. उद्धवराव गाड्यांचे पांढरे दरवाजे पिवळट म्हणून परत पाठवायचे आणि सुपरवायझरला त्यात काही दिसायचं नाही. शेवटी त्यानं त्यांना डोळे तपासायला पाठवलं.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळं पिवळट, तपकिरी दिसत असेल."

"मला नीट दिसतंय."

"हळूहळू वाढतो, म्हणून लक्षात येत नाही."

महिन्याभरात दोन्ही ऑपरेशनं झाली. घरी आल्यावर उद्धवराव बराच वेळ भिंतीच्या पांढऱ्याशुभ्र चुन्याकडे बघत बसले. मग त्यांनी देहूरोडची बस पकडली.

"मागल्या खेपेचा कोंबडा कुठाय?" त्यांनी धोंडीबाला विचारलं.

"त्यो व्हय? नातीच्या बारशाला कापला. तुमीच म्हणला व्हता, कामाचा न्हाई म्हणून."

"आन् आधीचे?"

"कापले, इकले. ही एक तलंग ऱ्हायलीय बगा."

गोठ्याच्या कडेला ती कोवळी कोंबडी माती उकरत होती. निळसर राखाडी. मान, पाठ, पायांवरची पिसंसुद्धा. उद्धवराव उकिडवे बसले. ऑपरेशननंतर चष्मा सुटला होता, तरी तो सारखा करायला त्यांनी हात वर नेला. धोंडीबानं चहा आणला, तो तसाच निवला.

ती तलंग त्यांनी पिशवीत घालून घरी आणली. तीन महिन्यांनी तिची पिल्लं पिसांवर आली, तेव्हा उद्धवरावांनी जयमालाबाईंना गच्चीवर बोलावलं.

"कुठली ठेवायची, तू सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

उद्धवरावांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. "तुलाच कळत व्हतं," ते म्हणाले.

जयमालाबाईंनी पदराला हात पुसले आणि पिंजऱ्यासमोर बसल्या. त्यांना घाई नव्हती. एकेक पिल्लू हातात घेऊन त्या निरखत राहिल्या, आणि उद्धवराव मागे पाटी धरून उभे राहिले.