गरौठ्याचा राजीनामा

सदर बाजारातल्या त्या दुकानावर दोन पाट्या होत्या. वर जनार्दनरावांची, आणि तिच्याखाली तारेनं बांधलेली अनुप खरेची. दोघंही घरांचे दलाल. एके काळी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग झाशीत घरं विकली जाईनाशी झाली. लोक यायचे, खोल्या बघायचे, नळ सोडून पाहायचे आणि ‘देखते हैं’ म्हणून निघून जायचे. दोन दुकानांचं भाडं झेपेना, तेव्हा दोघे एका छताखाली आले.

वाटणी सरळ होती. कागद जनार्दनरावांचे, माणसं अनुपची. अनुप बुंदेलीत दोन वाक्यं बोलला की अनोळखी घरमालकही त्याला खाट ओढून द्यायचा. जनार्दनरावांचा मात्र परक्या माणसासमोर घसाच कोरडा पडे. अनुप गेला तर दुकान उघडण्यात अर्थ नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. कदाचित म्हणूनच ते त्याच्यावर इतके चिडत.

सध्या सगळा जीव प्रेम नगरच्या एका घरात अडकला होता. घर दोन भावांचं, आणि जिन्यावरून त्यांची कोर्टात केस. थोरला विकायला तयार, धाकटा दूर गरौठा गावी जाऊन बसलेला. गिऱ्हाईक होते रेल्वेतले पियुष सक्सेना. त्यांची एकच अट होती, आधी भावांचं मिटवा. त्यासाठी अनुप गरौठ्याच्या खेपा घालत होता.

त्या सकाळी तो पुन्हा निघाला, तेव्हा जनार्दनरावांना राहवलं नाही.

“जाइए, जाइए. समोसे खाके फिर खाली हाथ लौट आइए.”

“तो आप चलिए ना, भाईसाहब. छोटे भाई के दरवाज़े पे खड़े होके अपनी फ़ाइल पढ़के सुनाइए. कुत्ता भी सो जाएगा.”

“काम जमत नसेल तर सोडा!” रागाच्या भरात जनार्दनराव मराठीतच ओरडले.

अनुपला मराठी येत नव्हती, पण ‘सोडा’चा अर्थ तो समजला असावा. “दीवार से सिर फोड़ना आसान है, आपके साथ दुकान चलाना नहीं,” असं म्हणत त्यानं स्कूटरला किक मारली.

दुपारी त्याचा फोन दोनदा आला. जनार्दनरावांनी दोन्ही वेळा कापला. मग फोनच बंद करून ते टपालात आलेलं मराठी मासिक उघडून बसले. एकच परिच्छेद त्यांनी पुनःपुन्हा वाचला.

दुकानातला दुसरा फोन शमिकानं उचलला. शमिका त्यांची सून, माहेर साताऱ्याचं. झाशीत येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. भाजीवाल्याशी हिंदी बोलताना अजूनही अडायची, पण दुकानाचं काम नेटानं करायची. पलीकडून आवाज तुटत येत होता. “हाँ जी... क्या? अच्छा, अच्छा जी,” म्हणत तिनं फोन ठेवला. तिचा चेहरा पडला होता.

“बाबा, अनुपजी होते. त्यांनी राजीनामा दिलाय.”

“काय म्हणाला?”

“राजीनामा लिहून झालाय, संध्याकाळी आणून टेबलावर ठेवतो म्हणाले. बाबा, सकाळचं फारच मनाला लागलं का हो त्यांच्या?”

जनार्दनरावांनी मासिक मिटलं. आधी भीती वाटली, आणि ती झाकायला लगेच राग आला. बरोबर आहे. बुडत्या दुकानात कोण थांबेल? कुठल्या तरी बिल्डरकडे जागा मिळाली असेल, आणि जाताना सक्सेनांनाही घेऊन जाईल. जुनी सवय. त्यांनी फोन चालू केला. अनुपला मात्र लावला नाही. त्यांनी सक्सेनांना लावला.

परक्याशी बोलायला घाबरणारा माणूस त्या दिवशी घडाघडा बोलला. प्रेम नगरचं घर आता विसरा, भावांचं काही मिटत नाही, अनुप खरे आम्हाला सोडून गेले, त्यांच्या बोलण्यावर जाऊ नका, मी तुम्हाला दुसरं घर दाखवतो.

“अच्छा हुआ आपने साफ़ बता दिया,” सक्सेना म्हणाले. “नए फ़्लैट वाले आज ही का ऑफ़र दे रहे हैं. मिसेज़ कब से पीछे पड़ी हैं. हम तो आप ही के लिए रुके थे.”

दिवेलागणीला अनुप आला. केसांत धूळ, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि ओठांवर न मावणारं हसू. त्यानं टेबलावर स्टॅम्पपेपर ठेवला.

“लीजिए भाईसाहब, राजीनामा! दोनों भाइयों के दस्तख़त. छोटे भाई ने तो खाना खिलाके भेजा. अब लगाइए सक्सेनाजी को फ़ोन.”

जनार्दनरावांनी कागद उचलला. सगळ्यात वर ठळक अक्षरांत तोच शब्द होता. राजीनामा, म्हणजे राजीखुशीनं केलेली तडजोड. इथल्या कचेरीत हा शब्द त्यांनी जन्मभर ऐकला होता. हिंदीत ऐकला असता तर क्षणात कळला असता. पण तो मराठीतून आला, आणि मराठीत त्याचा अर्थ नोकरीला रामराम.

“अगं बाई,” शमिका पुटपुटली. “बाबा, आमच्याकडे राजीनामा म्हणजे...”

“माहीत आहे मला!” ते खेकसले, आणि लगेच त्यांना त्या खेकसण्याची लाज वाटली. तिची चूक एका शब्दाची होती. त्यांची तेवढीच नव्हती.

सांगावं लागलंच. अडखळत, कधी हिंदीत, कधी मराठीत त्यांनी सगळं सांगितलं. अनुपनं सक्सेनांना फोन लावला. नव्या फ्लॅटचे पैसे भरून झाले होते. सक्सेना त्याच्याशीही जरा तुटकच बोलले. अनुपनं फोन ठेवला.

“शब्द का तो ठीक है,” तो म्हणाला. “हो जाता है. लेकिन आपने मुझसे पूछा क्यों नहीं?”

जनार्दनरावांकडचं खरं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. अनुप सोडून जाईल यावर विश्वास बसायला त्यांना पळभरही लागला नव्हता.

“और मेरी बात पे न जाएँ, ये भी कह दिया उनसे.”

“अनुप, माफ़...”

“छोड़िए.” अनुपनं कागद उचलून त्यांच्याच कपाटात नीट ठेवला. “कल बड़े भाई को बताना पड़ेगा. मैं ही बता दूँगा, आपसे नहीं होगा.”

“म्हणजे... आप आएँगे कल?”

अनुप दारात थांबला. त्यानं ओरडावं, शिव्या द्याव्यात, खालची पाटी तारेसकट उपटून न्यावी, असं जनार्दनरावांना मनापासून वाटलं.

“जाऊँगा कहाँ, भाईसाहब?” तो शांतपणे म्हणाला. “बाज़ार देखा है आपने?”