अर्थातच्या पुढचं

कसबा बावड्याच्या केरबा चौगल्यांनी जत्रेसाठी अडतीस वगनाट्यं लिहिली आणि एकूणएक नावाच्या मधोमध 'अर्थात' बसवला. अर्थातच्या अलीकडं भारदस्त शब्द, पलीकडं रोखठोक गोष्ट. 'तुटलेलं तोरण अर्थात सासऱ्याचं डोळं उघडलं.' आता खरं सांगायचं तर लोक जमायचे ते पलीकडच्या अर्ध्यावर. आणि ते अर्धं केरबांचं नव्हतंच की. ते त्यांची बायको झुंबरबाई भाकरी थापता थापता सांगायच्या. गावाला त्याचा पत्ता न्हाई.

यंदा बाई अडून बसल्या. "पोस्टरवर माजं नाव घाला, मग सांगते. न्हाईतर मी मेल्यावर समदं तुमचंच म्हणत्याल."

"नाव घालून काय करणार? तुला वाचता येतंय व्हय?" केरबा बोलून गेले.

झुंबरबाईंनी भाकरी थापायचं थांबवलं नाही, बोलायचं तेवढं थांबवलं.

दोन दिवस केरबांनी डोकं खाजवलं. 'शापित कंकण अर्थात...' पुढं गाडी सरकंना. 'राजाचा पश्चात्ताप' लिहिलं, खोडलं. 'नशिबाचा खेळ' लिहिलं, ते तर त्यांचं त्यांनाच मिळमिळीत वाटलं. शिवाजी पेठेतल्या प्रेसमधून कृष्णातचे फोनवर फोन. "काका, सगळं तयार हाय. नाव द्या की."

तिसऱ्या दिवशी सकाळी हा हट्टी गडी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "मला जमत न्हाई. आजवर कधी जमलंच न्हाई," म्हणाले. लाज वाटत होती, पण बोलले. "नाव घालतो तुझं."

झुंबरबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "राणीनं बांगडी उतरवली न्हाई," त्या म्हणाल्या.

केरबांना दोनशे पानं लिहून जे सांगायचं होतं, ते बाईनं चार शब्दांत सांगितलं होतं.

दुपारी ते प्रेसमध्ये गेले. लेखकाच्या जागी दोन नावं बघून कृष्णात हसला. केरबा म्हणाले, "हसू नगंस. तिचं वर घाल."

संध्याकाळी त्यांनी पोस्टर घरात जमिनीवर पसरलं. झुंबरबाई पदराला हात पुसून शेजारी बसल्या.

"ह्यात मी कुठं हाय?"

केरबांनी त्यांचं बोट धरून नावावर टेकवलं. झुंबरबाईंनी ते सावकाश पार शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं.

"एवढं लांब हाय व्हय माजं नाव," त्या म्हणाल्या.