डाव्या चाकाची घरघर

या, असे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे यावं, गोष्ट लहान आहे आणि मला घसा ताणायचा नाही. एका मोटारीच्या चाकाची गोष्ट सांगतो, आणि त्या चाकापायी एका घरात एका दुपारी किती राग तापला त्याची. देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना दिल्या नाहीत. त्यात त्याचा काही हेतू असणारच. या घराला तो फार उशिरा कळला.

घरात माणसं तीन. मोतीबिंदूने डोळ्यांपुढे धुकं आलेली आई, कपडे शिवणारी ताई, आणि कचेरीत जाणारा धाकटा. ताईला राग आला की ती धाकट्याला साहेब म्हणायची. त्या दिवशी तो सकाळपासून साहेबच होता.

कारणही तसंच होतं. सात महिने वाट पाहून आईच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती उद्याची. इस्पितळ दोन तासांवर, पहिली बस पोहोचेपर्यंत तिथली यादी संपायची, आणि भाड्याच्या गाडीवाल्याने ऐन वेळी अंग काढून घेतलं. उरली घरची गाडी. ती चार महिने घरघरत होती. ताई म्हणे, चाकाचं बेअरिंग गेलंय. धाकटा म्हणे, टायरचा आवाज आहे, होईल बंद. शेवटी काल तो एकटाच गाडी फिरवून आला, "पुढचं उजवं, शंभर टक्के," असं जाहीर केलं आणि एक नवं बेअरिंग घेऊन आला.

"डावं," दारातल्या खुर्चीवरून आई म्हणाली.

"आई, तुला नीट दिसत नाही," धाकटा म्हणाला.

"आवाज बघायचा असतो का?"

धाकटा जॅक आणायला वळला. ताई पाना शोधत होती.

पान्याला लांब पाइप जोडून चाकाचा मधला नट सैल केला. जॅक लावला, खाली स्टँड दिला. चाक निघालं. ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, ताईने तारेने टांगला, ब्रेकच्या तेलाच्या नळीला ताण नको म्हणून. ब्रेकची चकती निघाली, बेअरिंग धरणारे मागचे चार बोल्टही निघाले. पण बेअरिंग गंजाने असं धरून बसलं होतं की हलेना. धाकट्याने घण उचलला.

"ठेव खाली."

"व्हिडिओत हाणतात."

"व्हिडिओवाल्याला उद्या आईला न्यायचं नाहीये. बाबा काय म्हणायचे?"

बाबा जन्मभर फिटर. ते म्हणायचे, काढताना असं काढावं की तेच परत लावता आलं पाहिजे. बेअरिंगच्या तोंडावर घाव बसला की आतल्या गोळ्यांच्या वाटेला खड्डे पडतात.

"भंगारात जायचंय ते. परत कोण लावणार?"

ताईने घण हिसकावून घेतला. बेअरिंगभोवती तेल सोडलं, चारही बोल्ट थोडे थोडे परत बसवले आणि मागून एकेकाच्या डोक्यावर हातोडीने हलकेच ठोकत राहिली. दीड तास. दात-ओठ खात, पण हलकेच.

"टाके उसवतेयस जणू," धाकटा कुरकुरला.

"तुला उसवता येत नाही, म्हणून तर सगळं फाडतोस."

जुनं सुटलं, नवं बसलं, चाक चढलं. ताईने जुनं बेअरिंग फडक्याने पुसलं आणि सहज फिरवून पाहिलं. ते लोण्यासारखं फिरलं. पुन्हा फिरवलं, कानाशी नेलं. हूं नाही की चूं नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, इकडे या. फिरवा हे."

त्याने फिरवलं. त्याचा चेहरा उतरला.

"गाडी चालवताना तू उजवीकडे बसतोस. तुझ्या कानाला सगळं उजवीकडूनच येणार."

"मग तू सांगायचंस."

"मी काय सांगणार, मी तर..." इथे तिची जीभ अडली. सांगणारी सांगत होती. चार महिने आई मागच्या सीटवर मधोमध बसून सांगत होती.

ताईने जॅक लावून डावं चाक उचललं, चाकामागच्या स्प्रिंगवर बोटं टेकवली आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. जात्यात खडे भरडावेत तशी घरघर बोटांत शिरली. सकाळी दोन्ही चाकांना हात लावायला दोन मिनिटं लागली असती. आता तिला धाकट्यावर ओरडताही येईना.

"दुकान तर दुपारीच बंद झालं," धाकटा पायरीवर बसला. "संपलं सगळं."

"संपलं नाही. ते भंगार उचल."

तो बघतच राहिला. दोन्ही बाजूंना एकाच मापाचं बेअरिंग लागतं, आणि उजवीकडून काढलेल्या जुन्या बेअरिंगवर एक ओरखडाही नव्हता. त्याने उठून ते आणलं.

डावं बेअरिंगही गंजाने धरून बसलं होतं. ताईने घण पुढे केला. "हे मात्र हाण. यातलं काही राखायचं नाही."

त्याने हाणलं. मग तिनेही हाणलं, गरजेपेक्षा चार घाव जास्तच.

उन्हं कलली तेव्हा गाडी चार चाकांवर उभी होती. धाकट्याने खराब बेअरिंग आईच्या हातात ठेवलं. तिने फिरवलं, खडखड ऐकली.

"आई, तुझंच बरोबर..."

"चार महिने," आई म्हणाली. "हिला दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नाही, असं धरून चाललात. दोघंही." आणि ते काळं, तेलकट ओझं तिने ताईच्या हातात दिलं.

सकाळी गाडी निघाली. रस्ता मोकळा, चाकं गप्प. बऱ्याच वेळाने धाकट्याने आरशात पाहत विचारलं, "आई, येतोय का काही आवाज?"

"तुझं नाक वाजतंय. त्याचं बेअरिंग कुठे मिळतं ते बघ."

ताईला हसू आलं, पण आई हसली नव्हती. मग तिनेही हसू आवरलं. यादी सुरू व्हायच्या आधी तिघं इस्पितळाच्या दारात होती.

तर मंडळी, घरातलं कुणी खुर्चीवरून हळूच काही म्हणालं, आणि तुम्ही पाना शोधण्यात गुंतलेले असाल, तर घटकाभर थांबा आणि या आईची आठवण करा.