क्वार्टरबॅकची वीत

व्यायामशाळेत व्यावसायिक संघांचे एकोणीस निवडकर्ते होते आणि ट्रेव्हिन लँड्रेथचे अकरा फोटो. मैदानात त्याच्यापुढे उभं राहून त्याच्यासाठी मार खाणारे पाच जण एकाही फोटोत नव्हते. नेब्रास्काच्या आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हा लाडका क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, चेंडू फेकण्याआधी कॅमेरा शोधायचा. निवडीसाठी नऊ इंचांची वीत हवी होती, म्हणून तीन आठवडे तो मालिशवाल्याकडून बोटं ताणून घेत होता.

“चार हजार यार्ड फेकलेत मी. ते मोज ना!” माझ्या हातातली पट्टी बघून तो म्हणाला.

“आम्ही पुढे उभे होतो म्हणून फेकलेत, राजे,” त्याचा धिप्पाड साथीदार ओडेल मागून म्हणाला. “आता ताणा बोटं.”

ट्रेव्हिनने दातओठ खात पंजा पसरला. मी दोनदा मोजलं.

पावणेनऊ इंच.