उसनं बळ

वैशाखात पंचक्रोशीची यात्रा चालून आलेला माणूस आधी देवाचं बळ परत करतो, मग घराकडं वळतो. उज्जैनभोवतीच्या गावांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. निघताना नागचंद्रेश्वराकडून बळ मागून घ्यायचं, आल्यावर मातीचे घोडे वाहून फेडायचं. तात्यानं नेमकं तेच टाळलं. शेवटच्या दिवशी, अमावस्येला, आभाळ काळं झालं, कांदा उघड्यावर पडलेला, अन् हा गडी देवळाच्या वाटेवरून तसाच शेताकडं पळाला. पहिलंच पोतं उचललं आणि उजव्या कोपरात कट्‌कन वाजलं. दंडाचा गोळा वर सरकून बसला.

उज्जैनच्या फ्रीगंजातला डॉक्टर म्हणाला, "स्नायूची दोरी हाडापासून तुटलीय. तीन हफ्त्यांत ऑपरेशन केलं तर नीट जोडता येईल. नाही केलं तरी झोळी अन् व्यायामावर हात चालेल, पण पोतं उचलायला, पाना फिरवायला ताकद कमी पडेल. उशिरा याल तर दोरी आखडलेली असेल."

तात्याला 'हात चालेल' एवढंच ऐकू आलं.

घरी बायकोनं, जयूबाईनं, कपाळ बडवून घेतलं. "अहो, देवाचं बळ घरी घेऊन आलात! त्यानं ओढून नेलं ते. आधी घोडे वाहा, मग काय ती चीरफाड करा."

"मग उद्याच जातो की."

"उद्या? अमावस्येचं देणं अमावस्येलाच. बीच में कोण घेतं?"

सून भार्गवी भडकली. तिचा नवरा इंदुरात नोकरीला, सगळं शेत सासऱ्याच्या दंडावर. "आई, अमावस्या महिन्यानं, डॉक्टरची मुदत एकवीस दिवस! देव काय पळून जातोय?"

"तू गप गं."

तात्या मधल्यामधी अडकला. ऑपरेशन करावं तर देवाचा कोप, थांबावं तर दोरी आखडणार. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात ना, तशी गत. विसाव्या दिवशी भार्गवीनं स्कूटी काढली. "चला तात्या, अजून वेळ आहे." त्यानं चपला घातल्या, जयूबाईच्या तोंडाकडं पाहिलं, अन् काढून ठेवल्या.

अमावस्येला तिघं देवळात गेली. तात्यानं डाव्या हातानं घोडे वाहिले.

"काका, महिनाभर कहाँ थे?" पुजाऱ्यानं विचारलं.

"अमावस की राह देख रहे थे."

"अरे, दूसरे ही दिन चढ़ा देते! भगवान ने कब मना किया?"

जयूबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून मागं सरकली. पुजाऱ्यानं प्रसादाचा नारळ पुढं केला. प्रसाद उजव्याच हातात घ्यायचा. तात्यानं पंजा कसाबसा उताणा केला, पण तो पुन्हा कलला आणि नारळ फरशीवर घरंगळला. भार्गवीनं तो उचलून पुन्हा त्याच्या पंजावर ठेवला, खालून आपला हात लावला.

तात्यानं पिंडीकडं पाहिलं. "तुझं दिलं बाबा परत," तो म्हणाला. "आता माझं दे."