सनीच्या शर्टाचं बटण

संध्या पाटोळेच्या घरात पाच वर्षांच्या सनीला काही म्हणजे काही करावं लागत नसे. घास भरवायचा तो आईने, शर्ट चढवायचा तो आईने, केळं सोलायचं तेही आईनेच. पोरगं आपलं राजासारखं हात पसरून उभं. आणि एक दिवस कॉलेज रोडवरच्या त्याच्या शाळेतून निरोप आला, की सनीच्या बोटांत जोरच नाही. घ्या!

वर्गशिक्षिका सरिता मिस समजुतीने बोलली. "पेन्सिल धरायच्या आधी बोटं तयार व्हावी लागतात. आत्ताच लक्ष दिलं तर पुढे सोपं जाईल. दोन महिने घरी त्याच्याकडून मणी ओवून घ्या, मटार सोलून घ्या, कणीक मळू द्या, कागद कापू द्या. मग मी बघेन. फरक पडला तर पहिलीत, नाही तर अजून एक वर्ष बालवर्गात."

संध्या तणतणतच घरी आली. सोसायटीतली झाडून सारी पोरं पहिलीत जाणार आणि आपला सनी मागे? लोक काय म्हणतील? नवरा धनराज कांद्याच्या खरेदीसाठी सटाण्याला गेला होता. तो फोनवर "शिकेल गं हळूहळू" एवढंच म्हणाला, तर तिने रागाने फोन ठेवून दिला.

त्याच संध्याकाळी मण्यांचा डबा आला. सनीने एक मणी उचलला, दोरा भोकाशी नेला, चुकला, पुन्हा नेला. इकडे संध्याच्या जिवाची नुसती तगमग. "दे इकडे, राजा, असं नसतं!" आणि चुटकीसरशी माळ तयार! मटारचंही तेच. कणकेत हात घातला तर कपडे खराब, कात्री दिली तर बोट कापेल. कागदाचा मोर तर तिने असा कापला, की बघत राहावं. आईची बोटं सुधारली यात शंकाच नाही. रोज फोटो मिसला जायचा, मिसची शाब्बासकी यायची, आणि संध्याची कॉलर ताठ व्हायची. शेजारच्या स्नेहलने मोर बघून विचारलंसुद्धा, "सनीने केला? बाई गं, मला नाही जमायचा!" संध्या नुसती गालात हसली.

मग बघण्याचा दिवस उजाडला. सरिता मिसने मणी काढले नाहीत की कात्री. तिने सनीच्या शर्टाची खालची दोन बटणं सोडली आणि म्हणाली, "लाव बघू."

सनी सवयीने आईपुढे गेला आणि हात पसरून उभा राहिला. मेली अब्रूच गेली!

"आज त्याचा मूड नाहीये, मिस. घरी तर अगदी फटाफट..."

"असू दे. तुम्ही बसा. सनी, तूच लाव."

सनीने बटण धरलं. निसटलं. जीभ बाहेर काढून पुन्हा धरलं. काजाशी नेलं, अडकलं, अर्धं आत शिरलं आणि "अगं बाई, गेलं, गेलं!" म्हणत संध्या झेपावली. तिने ते लावूनही टाकलं. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काय उगीच?

मिस काही बोलणार तोच सनी किंचाळला, "मी लावत होतो ना!" डोळ्यांत पाणी, नाक लालेलाल. त्याने आईचा हात झिडकारला, तिने लावलेलं बटण ओढून ओढून काढलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

संध्याला फार लागलं ते. ज्याच्यासाठी एवढं जिवाचं रान केलं, त्यानेच हात झिडकारावा? तिला रडू फुटलं. तरी तिचे हात शिवशिवायचे काही थांबेनात. शेवटी तिने ते मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसून राहिली. बाहेर पुढचे पालक खोळंबले होते. मिसने त्यांना थांबायला सांगितलं.

बटण लागलं एकदाचं. वरचं बटण खालच्या काजात, शर्ट एकीकडून वर चढलेला. मिसने कागदावर "पहिली" असं लिहिलं.

"पण मिस," संध्याच्या तोंडून गेलंच, "ते चुकीच्या काजात..."

"हो, दिसतंय मला. तसाच घरी न्या त्याला."

रिक्षात सनी आईपासून जरा सरकून बसला. आईचा हात पोहोचू नये म्हणून त्याने बटणावर दोन्ही तळवे घट्ट धरले होते, आणि इंदिरानगर येईपर्यंत ते काढले नाहीत.